चकती दिसेनाशी होते तिथे

वाटाणे सोलायचं काम आईने कुणालाही दिलं नाही. खिडकीशी बसून ती एकेक शेंग अंगठ्याने उसवत होती आणि दाणे पातेल्यात टपटपत होते. समोर बसलेली ताई त्यातले किडके दाणे हळूच वेचून मुठीत ठेवत होती.

"काय चाललंय तुझं?"

"काही नाही. हात रिकामे होते."

"हात रिकामे असले की माणसाने चहा टाकावा. निवडलेलं परत निवडू नये."

ताई उठली नाही. मुठीत सात दाणे झाले होते. एके काळी आईच्या हातून किडका दाणा सुटला असता तर घरात त्याची बातमी झाली असती.

गेल्या आठवड्यात ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा डोळा पुढच्या महिन्यात करायचा, डावा त्यानंतर. डॉक्टरांनी विचारलं, "दिव्यांभोवती वलयं दिसतात का, आजी?" आई म्हणाली, "दिसतात ना. ह्यांनाही दिसायची. म्हणायचे, हल्ली प्रत्येक दिव्याला दाढी फुटलीय." आई हे हसत सांगत होती, डॉक्टरही हसले. ताई मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून बाबांच्या नोंदवह्या खाली काढल्या. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता ती त्या वाचत होती. काल वाचून संपल्या, तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. ती कुणाला सांगावी हे तिला ठरवता येत नव्हतं, कारण जिला पहिल्यांदा सांगायला हवी ती समोर वाटाणे सोलत होती. आणि ज्यांना सांगायलाच हवी होती, ते तीन वर्षांपूर्वीच गेले होते.

फाटकाची कडी वाजली.

"आले," आई म्हणाली. "आता जरा तोंड हसरं ठेव. धाकटा चार महिन्यांनी येतोय."

धाकटा आत आला तो हातात नकाशांची गुंडाळी धरूनच. मागोमाग चिमणी, त्याची बायको. तिला हे नाव लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं, कारण ती एका जागी दोन मिनिटं बसत नसे. घरं आखणं हा तिचा धंदा. कुणाच्याही घरात शिरली की आधी खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघायची. आणि सर्वांत शेवटी, पायरीवर चपला अगदी काटकोनात लावून, काका.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. उभा जन्म टपालखात्यात गेलेला. हातात कुठलाही कागद आला की आधी उलटा करून मागची बाजू बघायचे.

"वहिनी, मी साक्षीदार म्हणून आलोय," ते आईला म्हणाले. "जेवायला नाही. पण तुम्ही आग्रह केलात तर मोडवत नाही मला."

"आग्रह केलाय असं समजा आणि बसा."

चिमणीने टेबलावर नकाशा पसरला. चारी कोपऱ्यांवर मिठाची बरणी, दोन कप आणि वाटाण्याचं पातेलं ठेवलं. तळ्याच्या वरच्या अंगाची उतरणीची जमीन, बाबांच्या वडिलांनी घेतलेली, आजवर गवताशिवाय काही न उगवलेली. तिच्यावर आता चोवीस लहान चौकोन होते.

"हे पहिलं तुमचं, आई," चिमणी म्हणाली. तिने आईचं बोट धरून एका चौकोनावर टेकवलं. "स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे. ओट्याशी उभं राहिलं की समोर पाणी."

आई बोट तिथेच ठेवून बसली. तिला तो चौकोन दिसत नव्हता, हे फक्त ताईला कळलं.

"आणि आम्ही दोन नंबरला," धाकटा म्हणाला. "आई, मी तिथली जागा सोडून आलोय. आता परत जायचं नाही. वीस वर्षं मी ज्या खिडकीत उभा राहिलो ना, तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. रोज चहा घेताना मी त्या भिंतीच्या जागी तळं बघायचो. वेड लागल्यासारखं."

हे ताईला नवीन होतं. तिला वाटायचं तळ्याची आठवण फक्त इथे राहिलेल्यांना येते. पाच मिनिटांवर असलेल्या गोष्टीची आठवण येऊ शकते, हे तिचं तिलाच गेल्या तीन वर्षांत कळलं होतं. बाबा गेल्यापासून ती होडीत बसली नव्हती.

"काम आता एवढंच राहिलंय." धाकट्याने खिशातून एक कागद काढला. "बुधवारी समितीची बैठक आहे. बाकी सगळ्या परवानग्या झाल्या, पाण्याची तेवढी राहिलीय. बाबांच्या वह्या आपल्या खाजगी, म्हणून वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. आई, ताई, मी. तीन सह्या."

काकांनी कागद घेतला, उलटा केला, मागे काही नाही याची खात्री केली आणि मग मोठ्याने वाचला. "'आम्ही खाली सह्या करणारे असे नमूद करतो की, सदर तळ्याच्या पारदर्शकतेच्या नोंदी या प्रचलित पद्धतीनुसार व सक्षम निरीक्षकाने घेतलेल्या असून...'"

"सक्षम म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे ज्याला ते काम नीट येतं असा," काका म्हणाले. "दादाला येत नव्हतं तर कुणाला येत होतं?"

ते खरंच होतं. बाबा घड्याळजी. बाजारात त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. पण एकतीस वर्षं, दर रविवारी, दहा ते दोनच्या मध्ये, ते होडी घेऊन तळ्याच्या मधोमध जात आणि चकती पाण्यात सोडत. चकती म्हणजे ताटलीएवढा पत्र्याचा गोल तुकडा, चार भाग करून दोन काळे आणि दोन पांढरे रंगवलेला. दोरीला बांधून सोडायची, दिसेनाशी झाली की थांबायचं आणि दोरीवरच्या गाठी मोजायच्या. जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल कुणी काही दिलंही नाही. पण पुढे नियम आले, आणि तळ्याकाठी काही बांधायचं तर शेवटच्या पाच वर्षांच्या सलग नोंदींची सरासरी बघायची असं ठरलं, तेव्हा त्या तळ्याच्या नोंदी साऱ्या गावात एकाच माणसाकडे निघाल्या. त्याच माणसाची मुलगी तोवर पाण्याच्या कार्यालयात अधिकारी झाली होती.

"आई, इथे," धाकट्याने पेन तिच्या हातात दिलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"थांब, आई," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. धाकट्याने पेनाचं टोपण परत लावलं, अगदी सावकाश.

"ताई, ही फाईल तुझ्याकडे नाहीये ना?"

"नाही. पहिल्याच दिवशी मी ती दुसऱ्याकडे दिली. स्वल्पविरामाकडे आहे."

"कुणाकडे?" आईने विचारलं.

"ऑफिसातला एक आहे. एक स्वल्पविराम चुकला तरी फाईल परत पाठवतो."

"मग आत्ता तू कोण म्हणून बोलतेयस?" धाकटा म्हणाला.

"मुलगी म्हणून. तो कागद माझ्याकडे मुलगी म्हणूनच सही मागतोय."

चिमणी उभी होती ती बसली. काका म्हणाले, "बोल की मग. आता पत्र फोडलंच आहेस तर वाचून टाक."

ताईला मोठ्याने बोलता येत नसे. प्रयोगशाळेत आवाज चढवायची गरज कधी पडली नव्हती. ती नेहमीच्याच आवाजात बोलायला लागली, आकड्यांपासून, कारण आकड्यांपासून सुरुवात केली की तिला धीर यायचा.

"सव्वीस वर्षं बाबांची चकती साडेचार मीटरच्या आसपास दिसायची. कधी थोडी वर, कधी खाली. शेवटच्या पाच वर्षांत ती उतरत गेली. चार, साडेतीन, तीन, दोन साठ, आणि अखेरच्या वर्षी दोन मीटर वीस."

"तेच तर," धाकटा म्हणाला. "तळं बिघडलं. ते आम्ही बिघडवलं नाही, आमचं एक घरही तेव्हा नव्हतं. तूच टिपण लिहिलंस त्याच्यावर."

"हो, मी लिहिलं. पहिल्या वर्गातलं तळं दुसऱ्या वर्गात गेलं ते माझ्या टिपणामुळे. वाटलं होतं लोक घाबरतील, जपतील. आणि झालं काय, पहिल्या वर्गाच्या तळ्यात शुद्ध केलेलं सांडपाणीसुद्धा सोडता येत नाही, दुसऱ्या वर्गात येतं. दार मीच उघडून दिलं." तिने पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली. "पण बाबा दर रविवारी मला पाण्याची बाटलीही भरून द्यायचे. तिच्यातल्या पाण्याची परीक्षा आमच्याकडे यंत्रावर होते, तिथे डोळ्याचं काम नाही. त्या पाच वर्षांत बाटल्यांतलं पाणी तसंच होतं. गढूळपणा वाढला नाही, शेवाळ वाढलं नाही. चकती अर्ध्यावर आली आणि पाणी होतं तसंच राहिलं."

"मग तेव्हा का नाही बोललात, ताई?" चिमणीने विचारलं. तिच्या आवाजात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कारण मी बाटल्यांना दोष दिला. म्हटलं काठाजवळचं पाणी भरत असतील, बाटल्या उन्हात राहत असतील. मला शंभर कारणं सुचली. बाबा चुकत असतील, हे एक सोडून."

पातेल्यात एक दाणा पडल्याचा आवाज आला. आईने अजून एक शेंग उसवली होती.

"म्हणजे तुझं म्हणणं काय?" काकांचा आवाज चढला. "दादाला दिसत नव्हतं? घड्याळात केसाएवढा स्क्रू बसवणारा माणूस तो! मेलेल्या माणसाला आंधळा ठरवून तू कोणतं पदक मिळवणार आहेस?"

"काका, दुकान कधी बंद केलं त्यांनी?"

"आता... आठ वर्षं झाली असतील."

"का बंद केलं?"

"म्हणाला, मोबाईल आल्यापासून घड्याळ कोण दुरुस्त करून घेतं." काका बोलता बोलता थांबले. मग उगाचच कागद पुन्हा उलटा केला. "खरंच होतं ते. सगळ्यांना पटलं."

"हो. मलाही पटलं."

धाकटा उठून खिडकीशी गेला. "बुधवारी मंजुरी मिळाली नाही तर पैसे घालणारा भागीदार थांबायचा नाही. हे तुला माहीतेय ना? नव्याने वर्षभर पाणी तपासायचं, मग सांडपाणी टेकडीच्या वर चढवायचं, मग घरं निम्मी. म्हणजे संपलंच. मी परत त्या भिंतीसमोर जाऊन उभा राहू? आणि त्यांनी जे आकडे स्वतःच्या हाताने लिहिले, ते तू आज पुसणार. स्वतःच्या बापाचे."

"पुसत नाही. एक दाखवायचंय."

ताईने पिशवीतून पाचवी नोंदवही काढली आणि खूण घातलेलं पान उघडलं. तळहाताने ते सपाट केलं. बाबांचं अक्षर आधीच्या वह्यांत मुंगीएवढं असे. इथे ते सुटलं होतं, ओळ सोडून खाली उतरलं होतं. एका रविवारपुढे 'दोन मीटर साठ' लिहिलेलं होतं. त्याच्या बाजूला आणखी एक आकडा होता, 'चार मीटर पन्नास', आणि त्याच्यावर आडवी रेघ.

"एकतीस वर्षांत खाडाखोड एवढी एकच," ती म्हणाली. "या रविवारी होडीत त्यांच्याबरोबर कोणीतरी होतं. तारीख बघ, धाकट्या."

तो वळला नाही. त्याला तारीख बघायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं?" चिमणीने विचारलं. मग तिने त्याला नावाने हाक मारली. तसं ती फार क्वचित करायची.

"सुट्टीवर आलो होतो," धाकटा काचेकडे बघत म्हणाला. "ते म्हणाले, गेली. मी म्हटलं, बाबा, कुठे गेली, ही काय समोर आहे. ते हसले. मी दोरी सोडत राहिलो, चार पन्नासला गेली. त्यांनी लिहिलंसुद्धा. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग रेघ मारली, म्हणाले, तुला शहरात राहून पाणी बघायची सवय राहिली नाही." त्याने काचेवर बोटाने काहीतरी पुसलं. "मी भांडलो असतो. नेहमी भांडायचो. पण त्यांचा चेहरा... ताई, ते घाबरले होते. मी बाबांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. एका आकड्यासाठी कशाला."

"आणि नंतर?"

"नंतर विसरलो. विसरायचं ठरवलं. हा कागद टाईप करून घेताना 'सक्षम' शब्द आला तेव्हा एकदा आठवलं होतं."

चिमणी नकाशाच्या कडेवरून बोट फिरवत होती, पहिल्या घरापासून चोविसाव्यापर्यंत. मग म्हणाली, "ताई, खरी सरासरी किती निघेल?"

"चार साठ धर. म्हणजे तळं पहिल्याच वर्गात."

"म्हणजे माझा सगळा हिशेब चुकीच्या पायावर आहे." तिने पातेलं आणि कप उचलले, नकाशा आपणहून गुंडाळला गेला. "घर उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा हे बरं."

"तूसुद्धा?" धाकटा म्हणाला.

"मी तुझ्याच बाजूची आहे रे. पण ते सांडपाणी आईंच्या खिडकीखालून जाणार होतं. नळाची रेघ मीच मारलीय."

काका अजून घुश्शात होते. "वहिनी, तुम्ही तरी काही बोला. तुमच्यासमोर तुमच्या नवऱ्याला..."

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

तिने रिकामी शेंग बाजूला ठेवली आणि हात पुसले. "साखर समजून दोनदा मीठ घेतलं त्यांनी चहात. प्यायले तसाच. मी बघत होते. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, माझे डोळे ठणठणीत आहेत, पाणी बिघडलंय. मी जास्त ताणलं नाही. डॉक्टर म्हणाला असता, होडी बंद. आणि होडी बंद केली असती तर रविवारी माणसाने करायचं काय होतं?" तिने ताईकडे तोंड वळवलं. "मग तुझं ते टिपण आलं. मला वाचून दाखवायला लावलं. दोनदा. म्हणाले, बघ, लेकसुद्धा तेच म्हणतेय. ती शिकलेली आहे, यंत्रावर तपासते. त्यानंतर मी डॉक्टरचं नाव काढलं नाही."

ताईच्या मुठीत अजून ते सात दाणे होते. तिने ते कधी इतके घट्ट आवळले होते कोण जाणे, उघडल्यावर तळहाताला ओल लागली. तिने त्यांच्या आकड्यांवरून आलेख काढला होता; त्यांनी तिच्या आलेखावरून आपले डोळे चांगले ठरवले होते. दर रविवारी त्यांच्या हातून बाटली घेताना ती फक्त बाटलीकडे बघत होती. झाकण घट्ट आहे का, चिठ्ठीवर वेळ घातलीय का. पंधरा मिनिटांची शस्त्रक्रिया असते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पंधरा मिनिटं.

"एक सांग मला," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "डोळ्यांचं मला ठाऊक होतं. पण मला वाटायचं दोन्ही आहे. डोळेही गेलेत आणि तळंही. तू लिहिलंस म्हणून." ती पुढे झुकली. "म्हणजे तळं बरं होतं?"

"हो, आई."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

आईने डोळे मिटले. "शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, माझ्या देखत गेलं गं. मी म्हणायचे, येईल परत. म्हणायचे, पाणी असं परत येत नसतं. तेच दुःख घेऊन गेले ते."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"किती वाजले?" आईने विचारलं.

"बारा पाच," काका म्हणाले.

"दोनच्या आत जायला हवं ना? मला न्या."

धाकटा वळला. "आई, तू होडीत? पन्नास वर्षांत तू घोट्याच्या वर पाण्यात गेली नाहीस."

"म्हणूनच म्हणतेय. दर रविवारी ते बोलवायचे. दर रविवारी मला स्वयंपाक असायचा."

होडी छपरीत पालथी होती. धाकट्याने आणि ताईने ती ओढत काठाला आणली. काका काठावरच थांबले. म्हणाले, होडीचं वय आणि माझं वजन यांचं जमायचं नाही. चिमणी त्यांच्यासोबत राहिली आणि हात पुढे करून आईला पाऊल कुठे टाकायचं ते सांगत राहिली. आईने बसल्या बसल्या दोन्ही कडा अशा धरल्या की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. पण परत फिरा असं ती म्हणाली नाही.

धाकटा वल्हवत होता. ताई मागे बसली होती, मांडीवर शेवटची वही. अर्ध्याहून जास्त कोरी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला वल्ह्याचा तो आवाज ऐकू आला, कुईं आणि मग थेंबांची रांग, आणि तिला वाटलं की आपण मागे वळून बघितलं तर बाबा तिथे असतील, गुडघ्यावर दोरीची वेटोळी ठेवून. ती वळली नाही. मागे कुणी बसण्याइतकी जागाच नव्हती.

"सावली पडते त्या बाजूने सोडायची," मधोमध आल्यावर ती म्हणाली. "नाहीतर चकाकीत दिसत नाही."

"मी सोडते," आई म्हणाली.

ताईने दोरी तिच्या हातात दिली. दर मीटरला गाठ, दर दहा सेंटीमीटरला लाल दोरा, बाबांनी शिवलेला. धाकट्याने आईच्या हाताखाली आपला हात धरला. चकती पाण्याला टेकली, एकदा हेलकावली आणि खाली जायला लागली.

आई वाकून बघत होती. पहिली गाठ तिच्या बोटांतून गेली. मग दुसरी.

"आता धुरकट व्हायला लागली," ती म्हणाली. "आता नुसता डाग दिसतोय." आणखी थोडी दोरी गेली. "गेली."

ताईने दोरीकडे बघितलं. दुसऱ्या गाठीनंतर तीन लाल दोरे.

दोन मीटर तीस.

तिने धाकट्याकडे बघितलं आणि त्याने तिच्याकडे. दोघांनी पाण्यात बघितलं. खाली चकती होती, पांढरे दोन भाग स्वच्छ पांढरे, काळे दोन भाग काळे, बशीसारखी ठेवलेली.

"असं दिसायचं ह्यांना," आई म्हणाली. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जसं फार वर्षांनी कुणाच्या शेजारी जाऊन बसावं आणि त्याने थोडं सरकून जागा करून द्यावी.

धाकट्याने आईच्या हातातून दोरी घेतली आणि सोडत राहिला. तिसरी गाठ गेली. चकती लहान होत गेली, हिरवट होत गेली. चौथी गाठ गेली. काठावर काका आणि चिमणी दोन उभ्या रेघांएवढे दिसत होते. त्यांच्या मागे ती उतरण, नुसत्या गवताची, आणि धाकट्याने एकदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं. पहिल्या चौकोनाची जागा कोणती ते त्याला इथूनही ठाऊक असणार. मग त्याने पुन्हा पाण्यात बघितलं.

"आता," तो म्हणाला. थोडी वर ओढली, पुन्हा सोडली, जशी ओढायला शिकवली होती तशी. "लिही. चार साठ."

ताईने तारीख घातली, वेळ घातली. आकडा लिहिला.

"निरीक्षकाच्या जागी माझं नाव घाल," तो म्हणाला. "आणि त्या रविवारच्या रेघेखालीही लिही. चार पन्नास मी वाचलं होतं म्हणून. स्वल्पविरामाला वह्या मी स्वतः नेऊन देतो बुधवारी." मग थोड्या वेळाने, वल्ह्याकडे बघत, "दुसरं काही सुचतंय का बघू. चार घरं होतात का, वरच्या अंगाला, पाणी तिकडेच मुरवून. दोन तरी."

"दोन होतील," ताई म्हणाली. "मला वाटतं. मला तपासता येणार नाही, पण मला वाटतं."

तो दोरी गुंडाळायला लागला.

"ओढू नकोस वर," आई म्हणाली. "राहू दे जरा."

तो थांबला. त्याने दोरी थोडी सैल धरली, चकती दिसत राहील एवढ्यावर.

"दिसतेय का रे तुम्हाला?"

"दिसतेय, आई."

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

आईने होडीची एक कड सोडली आणि तो हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत. तिला तिथे काहीच दिसत नव्हतं. ती आणखी थोडी वाकली आणि अगदी हळू, बाजारातून यायला उशीर झालेल्या माणसाला दारातच सांगावं तसं म्हणाली,

"अहो, ऐकलंत का? दिसतेय म्हणतात पोरं."